दोन इंची आट्याचा फ्लँज : आठ महिने वापरल्यावर

द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या आधी विहिरीवरची डिलिव्हरी लाइन बदलली, तेव्हा मोटरपासून सँड फिल्टरपर्यंत चार जागी आट्याचे फ्लँज (पाइपवर फिरवून बसवायच्या, बोल्टने जोडायच्या लोखंडी चकत्या) टाकले. दिंडोरी तालुक्यातला आमचा मळा रस्त्यापासून बराच आत. वेल्डिंग करायचं तर जनरेटर भाड्याने आणावा लागतो. शिवाय जीआय पाइपला वेल्डिंग मारलं की जस्ताचा थर जळतो आणि गंज तिथूनच धरतो. इथे ती भानगड नाही. फ्लँज पाइपवर चढवला, मध्ये पॅकिंग ठेवलं, चार बोल्ट आवळले, काम झालं. पहिले दोन महिने मी भेटेल त्या बागायतदाराला हेच घ्या म्हणून सांगत होतो.

डिसेंबरात दोन जोड गळायला लागले. आधी नुसता ओलावा, मग आट्यांवर खताच्या पाण्याची पांढरी पुटं. ऐन मणी फुगायच्या वेळी शेवटच्या ओळींना ड्रिप कमी पडू लागलं आणि माझा संताप झाला. मिस्तरीने टेफ्लॉन वाढवून पाहिलं, मग सफेदा आणि सुतळी. दोन दिवस कोरडं, तिसऱ्या दिवशी पुन्हा थेंब. दुकानदाराचं एकच पालुपद : मिस्तरीने नीट आवळला नाही. त्या आठवड्यात हे लिहायला बसलो असतो तर ‘घेऊ नका’ एवढंच लिहिलं असतं.

सातपूरच्या एका टर्नरने डोळे उघडले. त्याने फ्लँज रॉकेलने पुसला, तेव्हा रंगाखालून ‘एनपीटी’ अशी अक्षरं निघाली. मग त्याने आट्यांचं गेज, म्हणजे इंचाला किती आटे ते मोजायची दातेरी पानं, काढलं. इंचाला ११ आट्यांचं पान पाइपवर चपखल बसलं. तेच फ्लँजच्या आत टेकवलं तर चौथ्या-पाचव्या दाताला फटीतून उजेड दिसत होता. फ्लँजचे आटे इंचाला साडेअकरा! एका आट्यामागे फरक जेमतेम ०.१ मिमी, पण तो साचत जातो. आपल्याकडचा जीआय पाइप बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाच्या आट्यांचा, आट्याचा कोन ५५ अंश. एनपीटी हे अमेरिकन माप, ६० अंशांचं. तीन-चार फेऱ्यांत असा फ्लँज पाइपवर असा अडकतो की हाताला घट्ट लागतो, आणि मिस्तरीला वाटतं बसला. अर्ध्या आणि पाऊण इंचात दोघांचेही आटे १४च, म्हणून दुकानात बेधडक ‘चालतं हो’ म्हणतात. दोन इंचात नाही चालत. घेताना पाइपचा आटे पाडलेला तुकडा सोबत न्या आणि दुकानातच फिरवून बघा.

बोल्टच्या भोकांचंही पाहून घ्या : दोन इंचात क्लास १५० या अमेरिकन मापाचं पिच सर्कल (भोकांच्या वर्तुळाचा व्यास) १२०.७ मिमी, टेबल ई या ब्रिटिश मापाचं ११४.३.

जानेवारीत चारही फ्लँज बीएसपीचे घेतले, नगामागे ६० रुपये जास्त देऊन. जुने दुकानदाराने परत घेतले नाहीत, त्याचा राग अजून आहे. पण मालाबद्दलचं माझं मत बदललं. फिल्टरकडचे तीन जोड तेव्हापासून ठणठणीत कोरडे आहेत. पाइपच्या उघड्या आट्यांना जस्ताचा रंग मात्र लावावा लागला, कारण आटे पाडताना तिथलं जस्त निघून जातं.

मोटरजवळचा चौथा जोड कंपनाने पुन्हा सैल झाला. तिथे रबर बेलो (कंपन शोषणारा रबरी जोड) टाकला आणि पाइपखाली टेकू दिला. काल पाच तास मोटर चालवून चारही जोडांखाली वर्तमानपत्राचे कागद ठेवले. तीन कोरडे निघाले. मोटरजवळच्या कागदावर रुपयाएवढा एक ओला ठिपका होता.