दिघोरी चौकाजवळचा बॅटरीवाला : इंजिन धुतल्यावर गाडी मिसिंग करत असेल तर आधी इथे जा

मी रोज नागपूरहून उमरेडला अपडाऊन करते, जुन्या तीन सिलिंडरच्या वॅगनआरनं. रविवारी वॉशिंग सेंटरवाल्यानं "इंजिनपण चकाचक करून देतो" म्हटलं आणि मी हो म्हटलं. पोरानं बोनेट उघडून प्रेशर गन सरळ वरून मारली. सोमवारी सकाळी विहीरगावच्या पुढे गाडी थरथरायला लागली. पिकअप गेला आणि चेक इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. नुसता लागून राहिला असता तर तशीच रेटली असती. पण लुकलुकतो म्हणजे न जळालेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर साफ करणाऱ्या महागड्या भागात जातंय, आणि त्याचा खर्च कोण करणार? शाळेत फोन करून सुट्टी टाकली आणि हळूहळू मागे फिरले. ज्यांच्याकडे नेहमी सर्व्हिसिंग करते, त्यांनी गाडी न बघताच फोनवर तीनही कॉइल (स्पार्क प्लगला करंट देणाऱ्या, प्रत्येक सिलिंडरला एक) बदलायला सांगितल्या.

म्हणून या दुकानात आले. एक शटर, बाहेर जुन्या बॅटऱ्यांची थप्पी. काकांनी पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, इंजिन धुतलं का?"

स्कॅनर लावला तर कोड आला पी 0302, म्हणजे दोन नंबरचं सिलिंडर मिसफायर, तिथे पेट्रोल नीट जळत नाही. बॅटरीची निगेटिव्ह काढून त्यांनी ती कॉइल उपसली. खाली प्लग बसतो त्या खड्ड्यात पाणी चक्क चमकत होतं. मी म्हटलं, प्लग काढून पुसा ना. "नाही, आधी हवा मारू द्या. प्लग आताच काढला तं पानी सरळ सिलिंडरात जाईन." कॉम्प्रेसरची नळी घातली तर गढूळ फवारा माझ्या ओढणीपर्यंत आला.

सगळं वाळवून गाडी सुरू केली तरी मिसिंग होतीच. मग त्यांनी दोन नंबरची कॉइल तीनवर लावली आणि तीनची दोनवर. कोड पुसून पाच मिनिटं गाडी चालू ठेवली, तर आता पी 0303 आला. म्हणजे प्लग ठीक, दोष कॉइलसोबत फिरला. कॉइलचं रबर वाकवून दाखवलं : केसाएवढी चीर, त्यात ओल, आणि तिथूनच करंट बाहेर पळत होता. कॉइल चांगली होती, फक्त रबर बदललं. आत सिलिकॉन ग्रीस लावलं. जाता जाता मीटर लावून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही तपासला, चालू गाडीवर 14.1 व्होल्ट, म्हणजे ठीक.

सगळे मिळून 500 रुपये. तीन कॉइलच्या किमतीशी तुलना करतच नाही.

एक तारा कापते. पक्कं बिल मागितलं तर बॅटरीच्या कंपनीच्या कॅलेंडरचं पान फाडून त्यावर आकडे लिहून दिले. बसायला एकच स्टूल आहे, त्यावरही मल्टिमीटर ठेवलेला असतो. अडीच तास उभी होते; मध्ये समोरच्या टपरीवर तर्री-पोहे खाल्ले म्हणून निभावलं. सकाळी दहाच्या आत जा, नंतर ऑटोवाल्यांची रांग लागते.