सुपरनॅचरल: चकचा तर्क टिकला, काइनचा घसरला

बायबलच्या धाग्यासाठी ‘सुपरनॅचरल’ या अमेरिकन मालिकेच्या 15 सीझनपैकी चौथा आणि पाचवा सलग पाहा. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकात शिक्के 7. इथे सहाशेंहून अधिक, त्यांतले 66 फुटले की लूसिफर, म्हणजे सैतान, सुटतो. पहिला नायक डीनच्या हातून फुटतो, शेवटचा लिलिथ या राक्षसीच्या मरणाने.

कादंबरीकार चक हाच देव, हा प्रेक्षकांचा तर्क पाचव्याच्या शेवटी तो अदृश्य होतो त्यावर उभा होता. 2016 मध्ये, अकराव्या सीझनला, खरा ठरला. काय सुंदर पेरणी!

भावाचा खून करणाऱ्या काइनच्या खुणेबद्दल बायबलवरून बांधलेले तर्क मात्र घसरतात. उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकात ती खूण त्याला मारेकऱ्यांपासून वाचवते, मालिकेत ती धारण करणाऱ्याला रक्ताची तहान लावते. नवव्या सीझनआधी उत्पत्तीचा चौथा अध्याय वाचाच. जेमतेम 26 वचने आहेत.