कलामहाविद्यालयासाठी निधी उभारायचा: स्वतंत्र संस्थेत की विद्यापीठाच्या छत्राखाली?

'निधी संकलन प्रमुख' ही पाटी दोन्हीकडे सारखीच असते, पण आतलं काम इतकं वेगळं की एकीकडे नाव कमावलेला माणूस दुसरीकडे वर्षभर चाचपडतो. एक स्वतंत्र कलामहाविद्यालय आणि मोठ्या विद्यापीठातला कलाविभाग असे दोन पर्याय समोर असतील, तर पगार आणि हुद्दा थोडा वेळ बाजूला ठेवा. मोठा देणगीदार दिसला, तर त्याच्याशी बोलायचा पहिला हक्क कोणाचा, हे आधी विचारा.

स्वतंत्र संस्थेत तो तुमचा. संचालक शेजारच्या खोलीत, विश्वस्त एका फोनवर. देणगीदाराला थेट स्टुडिओत नेऊन मातीने हात भरलेल्या विद्यार्थिनीशी बोलतं करता येतं, आणि त्या पंधरा मिनिटांत जे घडतं ते कुठल्याही माहितीपत्रकाने घडत नाही. विद्यापीठात देणगीदारांची यादी बहुधा केंद्रीय कार्यालयाच्या ताब्यात असते. भेटण्याआधी परवानगी लागते. त्याच माणसावर वैद्यकीय किंवा व्यवस्थापन शाखेची नजर असेल, तर कलाविभागाला थांबावं लागतं. मुलाखतीत हे कोणी आपणहून सांगत नाही. म्हणून सरळ विचारा: गेल्या तीन वर्षांत कलाविभागाने मागितलेली किती नावं नाकारली गेली?

पण विद्यापीठाचं वजनही खरं आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संगीत विद्यालयाला 2005 साली 10 कोटी डॉलरची देणगी मिळाली आणि तिथलं शिक्षण निःशुल्क झालं. 2021 मध्ये चित्रपट-संगीत व्यवसायातले निर्माते डेव्हिड गेफन यांच्या 15 कोटी डॉलरमुळे नाट्य विद्यालयाचंही तेच झालं. एवढी रक्कम देणाऱ्याला कलेचं प्रेम असतंच, पण आपल्या पश्चात शंभर वर्षांनीही ही संस्था उभी असेल, हा भरवसाही हवा असतो. शिवाय पावत्या, करारमदार, गुंतवणूक सांभाळायला तिथे माणसं असतात. लहान संस्थेत हे सगळं तुमच्याच टेबलावर येतं.

स्वतंत्र संस्थेला हा भरवसा स्वतः कमवावा लागतो, आणि तो कायमनिधीतून येतो, म्हणजे मूळ रक्कम न मोडता जिच्या उत्पन्नावर संस्था चालते त्या ठेवीतून. फिलाडेल्फियाची कर्टिस संगीत संस्था 1924 मध्ये सुरू झाली आणि 1928 पासून विद्यार्थ्यांकडून शिक्षणशुल्क घेत नाही. न्यूयॉर्कच्या कूपर युनियन या महाविद्यालयाची गोष्ट मात्र या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने नीट समजून घ्यावी. 1859 ची संस्था, क्रायस्लर इमारतीखालची जमीन तिच्या मालकीची, आणि तरीही तोवर निःशुल्क शिकवणाऱ्या या संस्थेला 2014 पासून नव्या विद्यार्थ्यांकडून शुल्क घ्यावं लागलं. त्यामागे 2006 मध्ये काढलेलं साडेसतरा कोटी डॉलरचं कर्जही होतं, आणि 2009 मध्ये उघडलेली नवी इमारतही. इमारतीला नाव द्यायला देणगीदार मिळतो. कर्जाच्या हप्त्याला, वीजबिलाला, मॉडेलच्या मानधनाला मिळत नाही. स्वतंत्र संस्थेत तुमचं निम्मं काम म्हणजे हेतूची अट नसलेला पैसा मिळवणं, आणि सगळ्यात अवघड तेच.

धोका किती, याचं उत्तर फिलाडेल्फियातच आहे. तिथलं 'युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्स', नावात विद्यापीठ असलं तरी स्वतंत्र कलासंस्थाच, बंद होणार ही बातमी 2024 च्या मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी आली आणि 7 जूनला दारं बंद झाली. मुलं, शिक्षक, सगळेच रस्त्यावर.

माजी विद्यार्थ्यांबद्दल थोडं. कलावंतांचं उत्पन्न अनियमित असतं. ते पैशांऐवजी वेळ देतात, चित्रं देतात. चित्र घेणं म्हणजे ते साठवणं, त्याचा विमा, त्याचं मूल्यांकन. लेखी धोरण नसेल तर तळघर भरतं आणि तिजोरी रिकामी राहते. विद्यापीठात कायदा किंवा वाणिज्य शिकलेला, पण नाटकवेडा असा माजी विद्यार्थी सापडू शकतो. स्वतंत्र संस्थेकडे ही सोय नाही.

देणगीदाराच्या पैशाचा उगमही बघावा लागतो. छायाचित्रकार नॅन गोल्डिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या आंदोलनानंतर व्यसन लावणाऱ्या वेदनाशामक औषधांतून पैसा कमावलेल्या सॅकलर कुटुंबाचं नाव 2019 मध्ये पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने आणि 2021 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आपल्या दालनांवरून उतरवलं. कलाशाळेत असा प्रश्न विद्यार्थी सर्वांत आधी विचारतील, आणि तो विचारणं त्यांचा हक्कच आहे.

माझं मत विचाराल, तर नेतृत्वाची ही पहिलीच जबाबदारी असेल तर विद्यापीठ घ्या. चुका पोटात घालणारी यंत्रणा तिथे आहे. दहाएक वर्षं काढली असतील आणि विश्वस्तांना तोंडावर 'नाही' म्हणता येत असेल, तर स्वतंत्र संस्थेत जा. तिथे एका माणसाच्या कामाने दोनशे मुलांची फी खरोखर कमी होऊ शकते, आणि ते तुमच्या डोळ्यांसमोर घडतं. मात्र होकार देण्याआधी दोन गोष्टी मागा: तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, आणि किती विश्वस्त दरवर्षी स्वतःच्या खिशातून देतात त्याचा आकडा. तो आकडा निम्म्याहून कमी निघाला, तर रुजू होण्याआधीच अध्यक्षांशी त्यावर बोलून घ्या.