जंगलाची नोंदवही: ‘आयनॅचरलिस्ट’ चार वर्षे वापरल्यानंतर

सार्वजनिक उद्यानात किंवा वनात नियमाने फिरणाऱ्या माणसाजवळ हळूहळू मोठा ठेवा जमत जातो. कोणत्या उतारावरचे झाड सर्वांत आधी फुलते, कोणत्या पाणथळीत पहिल्या पावसानंतर बेडूक ओरडू लागतात, कोणत्या पायवाटेच्या कडेने तण पुढे सरकले आहे, हे त्याला कोणत्याही नकाशाशिवाय ठाऊक असते. पण हे ज्ञान त्याच्याबरोबरच राहते आणि त्याच्याबरोबरच जाते. पुढे त्याच जागेतून रस्ता नेण्याचा किंवा तळ्याचा काठ बांधून काढण्याचा प्रस्ताव येतो, तेव्हा ‘इथे पूर्वीपासून खूप पक्षी येतात’ एवढ्या सांगण्याने काहीच साधत नाही, कारण तिथे तारीख, ठिकाण आणि पुरावा मागितला जातो. दिसलेल्या जिवांची फोटोसह नोंद करण्याचे ‘आयनॅचरलिस्ट’ हे ॲप मी चार वर्षांपूर्वी फोनवर घेतले, तेव्हा मला फक्त झाडाझुडपांची नावे हवी होती. आज मी ते या दुसऱ्या कारणासाठी वापरतो आणि हा अभिप्रायही मुख्यतः त्याच दृष्टीने लिहीत आहे.

या सेवेची सुरुवात २००८ साली झाली. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकणाऱ्या नेट ॲग्रिन, जेसिका क्लाइन आणि केन-इची उएदा या तिघांनी पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा प्रकल्प म्हणून ती उभी केली. २०१४ मध्ये ती कॅलिफोर्निया ॲकॅडमी ऑफ सायन्सेस या संस्थेकडे गेली, २०१७ मध्ये नॅशनल जिऑग्राफिक सोसायटी तिच्यात सहभागी झाली आणि २०२३ पासून ती स्वतंत्र, नफा न कमावणारी संस्था म्हणून काम करते. ॲप विनामूल्य आहे आणि त्यात जाहिराती नाहीत. आपण कुठे, केव्हा आणि किती वेळ फिरतो हे ज्या सेवेला कळते, ती जाहिरातींच्या उत्पन्नावर चालत नाही, ही बाब मला साधी वाटत नाही.

वापरण्याची रीत सोपी आहे. जंगलात दिसलेल्या जिवाचा फोटो काढावा किंवा आवाज ध्वनिमुद्रित करावा, तारीख आणि ठिकाण त्याला जोडावे आणि नोंद चढवावी; नेटवर्क नसेल तर ती फोनमध्ये साठून राहते आणि घरी आल्यावर पाठवता येते. २०१७ पासून संगणक स्वतःच फोटो पाहून संभाव्य नावे सुचवू लागला आहे. नवख्या माणसाला ही सोय जादूसारखी वाटते, पण खरे काम त्यानंतर सुरू होते. जगभरातील इतर वापरकर्ते ती नोंद पाहतात, आपापले मत देतात, आणि तारीख, ठिकाण व फोटो किंवा आवाज असा पुरावा असलेल्या, लागवडीच्या किंवा पाळीव नसलेल्या जिवाच्या प्रजातीबाबत किमान दोघांचे आणि एकूण मतांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक मतांचे एकमत झाले की नोंदीला ‘संशोधन-दर्जा’ मिळतो. अशी नोंद खुल्या परवान्याखाली असेल तर ती २००१ साली स्थापन झालेल्या जीबीआयएफ या जागतिक जैवविविधता माहितीसाठ्यात जाते आणि जगातला कोणताही अभ्यासक ती वापरू शकतो. इथे एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवावी. सुरुवातीला ॲप जो परवाना देऊ करते त्याखालील नोंदी या साठ्यात जातात. मात्र ‘सर्व हक्क राखीव’ असा पर्याय निवडला, तर आपण मेहनतीने टिपलेली नोंद तिथपर्यंत पोहोचत नाही. फोटोवरचा हक्क जपण्याची इच्छा समजण्यासारखी आहे, पण वनासाठी पुरावा जमवायचा असेल तर परवाना खुला ठेवलेला बरा.

एकमताची ही पद्धत किती कसून चालते याचा अनुभव मला एका भूछत्राने दिला. कोसळून पडलेल्या जाड खोडाच्या सावलीकडच्या अंगावर, साल सुटून लाकूड मऊ पडले होते तिथे, बोटभर उंचीची पाच-सहा फिकट तपकिरी छत्रे दाटीने उगवली होती. टोपीच्या कडा किंचित पारदर्शक दिसत होत्या आणि त्यांवर पाण्याचे थेंब लोंबत होते. मी वरून चार सुंदर फोटो काढले, संगणकाने सुचवलेल्या पहिल्या नावावर बोट ठेवले आणि पुढे निघालो. दोन दिवसांनी एका अनोळखी अभ्यासकाने अतिशय सौम्य शब्दांत विचारले की टोपीच्या खालच्या बाजूचा फोटो आहे का, तिथे चिरा आहेत की बारीक छिद्रे, चिरा देठाला चिकटलेल्या आहेत की सुट्या, देठावर वलय आहे का आणि मूळचे लाकूड कोणत्या झाडाचे होते. माझ्याकडे यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते. मी परत गेलो तोवर छत्रे काळी पडून विरघळली होती. त्या दिवसापासून मी भूछत्राशेजारी गुडघे टेकून फोन जमिनीलगत नेतो. झाडाच्या बाबतीतही पानाची दोन्ही अंगे, फांदीवरची पानांची मांडणी, साल आणि असेल तर फूल किंवा फळ असे निरनिराळे फोटो एकाच नोंदीत घालतो, आणि नेच्याचे पान उलटून त्याखालचे बीजाणूंचे ठिपके टिपायला विसरत नाही. पाहण्याची ही शिस्त मला या सेवेकडून मिळालेली सर्वांत मोठी देणगी आहे.

संगणकाच्या सूचनेवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, हे ओघाने आलेच. ज्या प्रजातींचे भरपूर फोटो त्याला शिकवले गेले आहेत, त्या तो चटकन ओळखतो. ज्या भागातून किंवा ज्या गटातल्या नोंदी कमी आहेत, तिथे तो जवळची दिसणारी पण चुकीची प्रजाती सुचवू शकतो. खात्री नसेल तर नोंद प्रजातीऐवजी वंश, कुळ किंवा नुसते ‘कोळी’ एवढ्यावर ठेवता येते, आणि तसे ठेवण्यात कमीपणा नाही. खाण्याजोगे भूछत्र किंवा औषधी पाला ठरवण्यासाठी तर हे ॲप कधीही वापरू नये.

वनांच्या रक्षणासाठी मला सर्वांत उपयोगी पडल्या त्या कोणाचेही लक्ष न जाणाऱ्या वनस्पतींच्या नोंदी. घाणेरी, गाजरगवत आणि जलपर्णी या तिन्ही मूळच्या अमेरिका खंडांतल्या. घाणेरी शोभेचे झुडूप म्हणून जगभर नेली गेली आणि पक्ष्यांनी तिची फळे खाऊन बी रानोमाळ पसरवले. अशा वनस्पतीचा फोटो काढावा असे कोणाला वाटत नाही, पण ती कोणत्या वर्षी कुठवर आली हे कळायला तिचेच फोटो लागतात. आम्ही पाच-सहा जण दर महिन्याला एकाच पायवाटेने, ठरलेल्या खुणांपाशी थांबून घाणेरीची नोंद करत आलो आहोत. पहिल्या वर्षी ती फाटकाजवळच्या मोकळ्या जागेत होती; तिसऱ्या वर्षी तिने ओढ्याचा काठ धरला होता. ते नकाशे पाहून वनरक्षकांनी ओढ्याकाठची रोपे फळे धरण्याआधी उपटायला घेतली. या सेवेच्या संकेतस्थळावर एखाद्या क्षेत्राची हद्द आखून तिथल्या सर्व नोंदी आपोआप एकत्र येतील असा ‘प्रकल्प’ तयार करता येतो, त्याचा आम्हाला या कामी फार उपयोग झाला.

मात्र हे नकाशे वाचताना जपून राहावे लागते आणि याबद्दल मी थोडे आग्रहाने लिहितो. लोक जिथे चालतात तिथेच नोंदी होतात. नकाशावरचे ठिपके पायवाटांच्या, वाहनतळांच्या आणि सुट्टीच्या दिवसांच्या भोवती गोळा होतात. रंगीत फुलपाखरांचे शेकड्याने आणि करड्या रंगाच्या गवतांचे बोटांवर मोजण्याइतके असतात. म्हणून एखाद्या उताराचा तुकडा नकाशावर कोरा दिसला तर ‘तिथे काही नाही’ असा निष्कर्ष काढता येत नाही. तिथे कोणी गेलेले नाही, एवढेच त्यातून कळते. कोऱ्या तुकड्याचा हवाला देऊन जमीन निरुपयोगी ठरवण्याचा युक्तिवाद कोणी केला तर तो तिथेच खोडून काढला पाहिजे, आणि त्यासाठी आपणही अधूनमधून, परवानगी असेल तिथे, रुळलेली वाट सोडून कमी गेल्या जाणाऱ्या वाटा धरल्या पाहिजेत. मोजक्या दिवसांच्या मोहिमांनाही हीच मर्यादा लागू पडते. तज्ज्ञ आणि नागरिकांनी मिळून ठरावीक वेळात एका जागेतील शक्य तितक्या प्रजाती नोंदवण्याच्या उपक्रमाला १९९६ मध्ये वॉशिंग्टनमधील केनिलवर्थ जलोद्यानात ‘बायोब्लिट्झ’ हे नाव मिळाले, आणि २०१६ मध्ये लॉस एंजलिस व सॅन फ्रान्सिस्को यांच्यातील निसर्ग-नोंदींच्या स्पर्धेतून सुरू झालेला ‘सिटी नेचर चॅलेंज’ आता जगातल्या कित्येक शहरांत होतो. अशा दिवसांत उत्साह ओसंडून वाहतो, नवी माणसे जोडली जातात, पण त्यातून त्या जागेचा एकच ऋतू दिसतो.

आता ज्या गोष्टीमुळे मला हा अभिप्राय लिहावासा वाटला तिच्याकडे येतो. दुर्मीळ जिवाचे नेमके ठिकाण जाहीर करणे हे त्याला मारण्यासारखे ठरू शकते. दक्षिण चीनमधील एका देखण्या गुहापालीचे शास्त्रीय वर्णन १९९९ साली प्रसिद्ध झाले आणि त्यात दिलेल्या मूळ ठिकाणाहून ती पाल पाळीव प्राण्यांच्या व्यापारासाठी इतकी पकडली गेली की तिथून ती नाहीशी झाली. हा धोका ओळखून आयनॅचरलिस्ट संकटग्रस्त म्हणून नोंदलेल्या प्रजातींचे ठिकाण आपोआप झाकते: खरा बिंदू लपवून ०.२ अंश लांबी-रुंदीच्या, म्हणजे विषुववृत्ताजवळ बाजूस सुमारे २२ किलोमीटर असलेल्या चौकटीत कुठेतरी एक कृत्रिम बिंदू दाखवला जातो. पण जी प्रजाती यादीत नाही आणि तरीही आपल्या वनात तिची दोनच झाडे उरली आहेत, तिचे रक्षण यादी करत नाही. तिथे नोंद करताना ‘झाकलेले’ किंवा ‘खासगी’ हा पर्याय आपणच निवडावा लागतो. मी एका झाडावरच्या आमरीची (ऑर्किडची) नोंद उघडी ठेवली होती. पुढच्या हंगामात त्या फांदीवर मुळांचे तुटलेले धागे तेवढे लटकत होते. माझ्या नोंदीमुळेच ती गेली असे सिद्ध करता येणार नाही, पण तसे नव्हते अशी खात्रीही मला नाही, आणि ती बोच गेलेली नाही. आणखी एक खाच अशी की, झाकलेल्या नोंदीच्या मागेपुढे काही मिनिटांत त्याच वाटेवरच्या चार सामान्य वनस्पती आपण उघड्या ठिकाणासह चढवल्या, तर हुशार माणसाला मधली जागा सहज हेरता येते. म्हणून अशा दिवशीच्या आसपासच्या नोंदीही झाकाव्यात, फोटोत ओळखू येणारा खडक किंवा फलक येऊ देऊ नये, आणि घरट्यांचे फोटो शक्यतो काढूच नयेत.

मराठी नावांविषयी थोडेसे. वापरकर्ते कोणत्याही भाषेतील प्रचलित नावे प्रजातीच्या पानावर जोडू शकतात आणि मराठी जाणकारांनी ती जोडावीत असे मला मनापासून वाटते. परंतु आपल्याकडे एकाच नावाने तीन वेगळ्या वनस्पती ओळखल्या जातात, त्यामुळे नाव जोडण्याआधी शास्त्रीय नाव पडताळून पाहावे.

लहान मुलांबरोबर फिरणाऱ्यांनी याच संस्थेचे २०१८ मध्ये आलेले ‘सीक’ हे ॲप वापरावे. त्यात खाते उघडावे लागत नाही, कॅमेरा समोर धरताच नाव दिसते आणि नेटवर्क नसले तरी काम भागते. मुलांना एवढी सूचना मात्र आधी द्यावी की फोटोसाठी पान खुडायचे नाही, उचललेला दगड होता तसाच अलगद ठेवायचा आणि किडा त्याच्या वाटेने जाऊ द्यायचा.

माझी ती भूछत्राची नोंद अजून वंशाच्या पातळीवरच थांबलेली आहे. ते खोड आता बरेच खचले आहे, पण आतले लाकूड ओले आहे. या पावसात छत्रे पुन्हा उगवली, तर खालच्या बाजूचा फोटो घेऊन त्या अभ्यासकाच्या प्रश्नाखाली जोडायचा आहे.