डॉक्टरांचे ऑनलाइन रिव्ह्यू: ठाणे-नवी मुंबईत कुठे, किती भरवसा ठेवावा

घोडबंदर रोडला किंवा खारघरला नव्याने राहायला आलेली माणसं डॉक्टर शोधायला आधी गूगल मॅप्स उघडतात. मग डॉक्टरांची अपॉइंटमेंट देणारं प्रॅक्टो ॲप, मग सोसायटीचा किंवा पेशंटचा व्हॉट्सॲप ग्रुप. या तिन्हींची विश्वासार्हता सारखी नाही.

गूगल मॅप्स सगळ्यात कच्चं. दवाखान्याची पायरीही न चढलेला माणूस तिथे तारे देऊ शकतो. सरासरीही फसवते. पाच ताऱ्यांचे आठ रिव्ह्यू असताना एकाने एकच तारा दिला तर आकडा ४.६ होतो, चाळीस असतील तर ४.९ राहतो. म्हणून आधी संख्या बघा, मग क्रम बदलून सर्वांत नवे आणि सर्वांत कमी ताऱ्यांचे रिव्ह्यू वाचा. एका आठवड्यात वीस-पंचवीस रिव्ह्यू आणि पुढे महिनोन्‌महिने काहीच नाही, हे संशयास्पद. डॉक्टरांचं पूर्ण नाव आणि ‘बेस्ट डेंटिस्ट इन ठाणे वेस्ट’ असले शब्द प्रत्येक रिव्ह्यूत येत असतील तर ते सर्चसाठी लिहिलेले समजा. पेशंट असं बोलत नाही.

खऱ्या पेशंटचा रिव्ह्यूही बहुतेकदा फार लवकर लिहिलेला असतो. काउंटरवर क्यूआर कोड असतो, बिल देतानाच पाच तारे मागितले जातात. रूट कॅनॉल टिकलं की नाही, बदललेला गुडघा जिना चढू देतो की नाही, हे त्या दिवशी कसं कळणार? व्हायरल सर्दीला अँटिबायोटिक लागत नाही. ते न देता समजावून परत पाठवणाऱ्या डॉक्टरला ‘औषधच दिलं नाही’ म्हणून एक तारा मिळतो आणि गरज नसताना स्टिरॉइडचं इंजेक्शन देऊन तासाभरात बरं वाटवणाऱ्याला पाच. उपचार बरोबर होता का, हे ताऱ्यांतून समजत नाही. रिसेप्शनचं वागणं, अपॉइंटमेंट घेऊनही किती थांबावं लागतं, बिलात न सांगितलेले आकार येतात का, हे मात्र बऱ्यापैकी समजतं. तीन-चार वेगवेगळ्या लोकांनी एकच तक्रार केली असेल तर ती खरी धरायला हरकत नाही.

डॉक्टरांचं उत्तरही वाचा. पेशंटची माहिती गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, त्यामुळे आरोपाला सविस्तर उत्तर देता येत नाही. ‘कृपया भेटून बोलू’ एवढंच लिहिलं असेल तर ते योग्यच. पेशंटचा आजार उघड करणारं उत्तर दिसलं तर तो दवाखाना टाळा. शिवाय इथले बरेच कन्सल्टंट आठवड्यात दोन-तीन ठिकाणी बसतात. हॉस्पिटलचे तारे त्या डॉक्टरचे नव्हेत.

प्रॅक्टो थोडं बरं, कारण तिथे कशासाठी गेले होते आणि वेळ, खर्च, समजावून सांगणं यांतलं काय आवडलं, हे वेगळं कळतं. मात्र फोन करून किंवा थेट जाऊन नंबर लावणारे ज्येष्ठ तिथे क्वचितच लिहितात.

पेशंटच्या ग्रुपचा खरा उपयोग व्यवहारात आहे: कॅशलेसला कोणते कागद लागतात, ओपीडीला किती वाजता पोहोचावं, सोबतच्या माणसाची राहायची सोय कुठे होते. खारघरच्या ॲक्ट्रेकसारख्या (टाटा मेमोरियलचं कॅन्सर केंद्र) ठिकाणी बाहेरगावाहून येणाऱ्यांना अशी माहिती फार मोलाची. औषधाचा डोस मात्र ग्रुपवरून कधीच बदलू नका. बरे झालेले बरेच जण ग्रुप सोडतात, त्रास चालू असलेले राहतात. त्यामुळे आजार आहे त्यापेक्षा भीषण वाटतो. रिपोर्टचा फोटो टाकताना नाव, फोन आणि केस नंबर झाका. ॲडमिन एखाद्या हॉस्पिटलच्या मार्केटिंगमध्ये आहे का, हेही विचारा.

निवड पक्की करण्याआधी नोंदणी तपासा. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी नोंदणी क्रमांक दवाखान्यात, प्रिस्क्रिप्शनवर आणि पावतीवर दाखवणं 2002 च्या आचारसंहितेनुसार आवश्यक आहे. तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर शोधा. दंतवैद्य, आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या आहेत, तेव्हा नाव तिथे सापडलं नाही म्हणून लगेच बोगस ठरवू नका. खासगी हॉस्पिटलात भरती व्हायचं असेल तर दर्शनी भागात दरपत्रक आणि रुग्णहक्क सनद लावली आहे का बघा. राज्याच्या 2021 च्या नियमांनुसार ती लावावीच लागते. नसेल तर तक्रार महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे लेखी द्या आणि पोच घ्या.