मागीलदारची पाणथळ आणि छिद्रांचा पाइप : एक पावसाळा काढल्यावर

आमच्या मागीलदारी न्हाणीपासून विहिरीपर्यंतच्या पट्ट्यात दर पावसाळ्यात पाय घोट्यापर्यंत रुतायचा. यंदा भर आषाढात आई तिथून कळशी घेऊन सरळ चालत येत होती. खडीच्या चरात छिद्रांचा पाइप घालून पाणी बाहेर काढायचं काम आम्ही उन्हाळ्यात केलं. मृगापासून दिवाळीपर्यंत त्यावर बारीक लक्ष ठेवलं, आणि आता खात्रीने सांगते की उपाय लागू पडला. मात्र त्यात पाइप कोणता घेतला यापेक्षा चर कुठे मारला याचा वाटा मोठा आहे.

घर राजापूर तालुक्यात, सड्याच्या म्हणजे कातळी पठाराच्या उतरणीला. वर कातळ, खाली जांभा, त्याखाली शेडी म्हणजे चिकणमातीचा थर. जांभ्यातून पाणी चाळणीतून गळावं तसं उतरतं, शेडीत मात्र ते मुरत नाही. वर्षाला ३,००० मिलीमीटरच्या वर पाऊस पडणारा हा भाग. सड्यावर मुरलेलं पाणी शेडीच्या अंगावरून सरकत खाली येतं आणि जिथे वाट मिळेल तिथे उमाळे फुटतात. आमच्याकडे ते नेमके मागीलदारी फुटायचे. नुसत्या पागोळ्यांचं पाणी असतं तर पाऊस उघडल्यावर दोन-चार दिवसांत जमीन आवळली असती. इथे श्रावणात आठवडाभर ऊन पडलं तरी लव्हाळ्याच्या बुडाशी पाणी झिरपत राहायचं, लावलेली पपई मुळातून कुजायची. कोणीही खर्चात पडण्याआधी एवढं तरी पाहून ठेवावं. न्हाणीचं किंवा शोषखड्ड्याचं पाणी असेल तर वासावरून कळतं आणि त्याचा इलाज वेगळा.

गावात यावर ठरलेला सल्ला म्हणजे भराव. दोन ट्रॉल्या तांबडी माती ओता, वर चिऱ्यांचे तुकडे दाबा. शेजारच्या वाडीत एका घरी तसंच केलं होतं. जागा उंच झाली, पण पाणी चार हात पलीकडे, थेट गोठ्याच्या पायाशी निघालं. खालून येणाऱ्या पाण्यावर माती टाकून ते थांबत नाही. म्हणून आम्ही चिखलाला हात न लावता त्याच्या वरच्या अंगाला, उताराला आडवा चर मारला. पाणी चिखलापर्यंत पोचायच्या आधीच धरायचं आणि गडग्याच्या म्हणजे दगडी कुंपणाच्या कडेने पऱ्यात, म्हणजे ओहोळात सोडायचं.

चर एक फूट रुंद आणि दोन-अडीच फूट खोल, शेडी लागेपर्यंत. घर आणि गडगा यांच्या मधून जेसीबी जात नव्हता, त्यामुळे सगळं काम पहार, टिकाव आणि घमेल्यांवर झालं. खणायला खालच्या टोकाकडून सुरुवात करावी, म्हणजे वळवाची सर आली तरी चरात पाणी तुंबत नाही. उतार शंभर फुटांना एक फूट. तो डोळ्यांनी धरू नये. गवंड्याकडची पाण्याची लेव्हल नळी लावून दर दहा फुटांवर खुंटी मारून घ्यावी. मध्ये कुठे पाइप बसका राहिला तर तिथे गाळ धरणारच.

तळाला खडीचा थर, त्यावर ११० मिलीमीटरचा छिद्रांचा पाइप, वर पुन्हा खडी, आणि या सगळ्याला बाहेरून जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणाऱ्या पण माती अडवणाऱ्या कापडाची गुंडाळी. कापड नमद्यासारखं दिसणारं, न विणलेलं घ्या. पैसे वाचवायला शेडनेट किंवा तरट सुचवणारे भेटतात. शेडनेटमधून बारीक माती आत जाते आणि तरट कुजतं. खडी २० मिलीमीटरची, धुतलेली हवी, कच असलेली नको. पायपाची छिद्रं खाली ठेवायची, कारण चरात पाणी तळातून वर चढतं आणि छिद्रांशी पोचलं की लगेच वाहू लागतं. गुंडाळीत मिळणारा पाइप सरळ राहत नाही, सारखा उसळतो. उन्हात पसरून ठेवला की नरम येतो, मग बसवता येतो. खर्चात सगळ्यात जड गेली ती खडी आणि तिची वाहतूक. पाइप त्यामानाने स्वस्त.

आर्द्रा लागेपर्यंत पायपाच्या तोंडातून काहीच आलं नाही, कोरडी जमीन आधी स्वतः पाणी पीत होती. मग एका रात्री जोर धरला आणि सकाळी तोंडाशी मनगटाएवढी धार. नवरात्र उलटलं तरी करंगळीएवढी चालूच होती. पाऊस नसतानाही इतके दिवस वाहणारं हे पाणी पूर्वी सगळं आमच्या पायाखाली थांबत होतं. विहिरीचं काय, असं बऱ्याच जणांनी विचारलं. आमची विहीर खोल आहे, चर फक्त जमिनीच्या वरच्या थरात झिरपणारं पाणी काढतो. दिवाळीपर्यंत तरी पातळीत फरक दिसला नाही.

उणिवाही आहेत. मुसळधार सरीत वरून धावणारं पाणी हा चर पकडत नाही, त्यासाठी छपराखालून उघडा पाट काढावाच लागतो. चरावरची माती पहिल्या पावसात चांगलीच बसली, पुन्हा भर घालावी लागली. आणि श्रावणात तोंडाशी भगव्या रंगाचा बुळबुळीत थर जमला, वर तेलासारखा तवंग. काडीने ढोसला तर तवंगाचे कोनदार तुकडे पडले. तेल असतं तर लगेच पुन्हा मिळून आलं असतं. आमच्या पाण्यात लोह आहे आणि त्यावर वाढणारे जिवाणू हा थर धरतात. तो वाढू दिला तर छिद्रं बुजतात. यासाठीच वरच्या टोकाला पायपाचा उभा तुकडा काढून त्याला टोपण लावलं आहे. तिथून पंपाची नळी सोडली की गाळ खाली निघून येतो. पावसाळ्यात महिन्यातून एकदा हे करावं लागतं, टाळून चालत नाही. खालच्या तोंडाला जाळीही हवीच, नाहीतर घुशी आणि खेकडे आत घर करतात.

खाडीकाठच्या खाजणाजवळ किंवा अगदी सपाट जागेत घर असेल तर हा खर्च करू नका. पाणी सोडायला खालची जागाच नसेल तर पाइप नुसता भरून बसतो. तिथे चिऱ्यांचा गडगा बांधून वाट उंच करावी आणि पाणथळीत अळू, केळी लावावी.