कोलॅजन, ग्लायसिन, क्रिएटिन आणि निळं सीरम: परभणीच्या उन्हाळ्यासकट वापरानंतरचा अनुभव

दिवाळीनंतर सुरुवात केली, आता आषाढ संपत आलाय. एवढ्या काळात मी नियमाने वापरलेल्या गोष्टी अशा: माशापासून काढलेली कोलॅजन पेप्टाइडची पावडर, झोपायच्या आधी ग्लायसिन, सकाळी क्रिएटिन मोनोहायड्रेट, चेहऱ्याला कॉपर पेप्टाइडचं सीरम आणि बोटात झोप मोजणारी अंगठी. इंजेक्शनची पेप्टाइडं मी घेतली नाहीत आणि घेणारही नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते, कारण आता आमच्याकडची पोरंही त्यांच्या मागे लागलीत आणि मला त्याची खरंच काळजी वाटते.

मी फार्मासिस्ट आहे, परभणीत मेडिकल चालवते. वय सत्तेचाळीस. पाळी मागेपुढे व्हायला लागल्यापासून रात्री अडीच-तीनला अंगाची लाही होऊन जाग यायची, मग डोळ्याला डोळा लागायचा नाही आणि दुसऱ्या दिवशी काउंटरमागे उभं राहून संध्याकाळपर्यंत गुडघे भरून यायचे. बायकांच्या या वयातल्या त्रासाकडे ‘आता असंच चालायचं’ म्हणून बघितलं जातं. मला ते मान्य नाही, म्हणून हा उद्योग.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात त्या घटकांची, छोटी साखळी. इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचं पेप्टाइडच आहे आणि १९२२ पासून माणसांना दिलं जातंय. हाडं ठिसूळ झालेल्यांचं टेरिपॅराटाइड, बाळंतपणातलं ऑक्सिटोसिन, हल्ली वजनासाठी ज्याची सारखी विचारणा होते ते सेमाग्लुटाइड, ही सगळी त्याच घराण्यातली. त्यामुळे पेप्टाइड म्हटलं की थोतांड, असं मी म्हणणार नाही. पण एकाचा गुण दुसऱ्याला लागत नाही. इन्सुलिन काम करतं म्हणून त्याच शब्दाखाली विकली जाणारी दुसरी कुपी काम करेल, असं होत नाही.

आधी झोपेचं सांगते, कारण मला सगळ्यात जास्त फरक तिथे पडला.

ग्लायसिन हे एक अमिनो आम्ल. ते मी ३ ग्रॅम घेते, झोपायच्या साधारण तासभर आधी, अर्ध्या पेल्या पाण्यात. चवीला गोड लागतं. हा डोस जपानी संशोधकांच्या प्रयोगांतला आहे. प्रयोग लहान होते आणि अमिनो आम्लं बनवणाऱ्या कंपनीशी जोडलेले होते, हे लक्षात ठेवूनच मी ते घेतलं. त्यामागचा विचार मला पटला: झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं आणि ग्लायसिनमुळे हातापायांच्या कातडीकडचा रक्तप्रवाह वाढून आतली उष्णता बाहेर पडायला मदत होते. थंडीत परभणीत तशीही गाढ झोप लागते, म्हणून तेव्हाच्या झोपेचं श्रेय मी ग्लायसिनला दिलं नाही. फाल्गुन-चैत्रात पंधरवडाभर घेऊन, पंधरवडाभर बंद ठेवून पाहिलं. जाग आली तरी पुन्हा झोप लवकर लागते, एवढा फरक मला घेतलेल्या दिवसांत जाणवला. मध्यरात्रीची लाही मात्र त्याने थांबली नाही.

ती लाही कमी झाली ती खोली बदलल्यावर. वैशाखात आमच्याकडे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो, स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री बारा वाजेपर्यंत खाली उष्णता सोडत राहतो. वरच्या मजल्यावरची आमची खोली म्हणजे भट्टीच. मी अंथरूण गच्चीवर हलवलं, मच्छरदाणीसकट. लहानपणी आम्ही सगळेच गच्चीवर झोपायचो, मग कूलर आले आणि ती सवय गेली. पहिल्याच आठवड्यात अंगठीवर रात्रीचे हृदयाचे ठोके खाली आलेले दिसले. अंगठी गाढ झोप किती, स्वप्नांची झोप किती हे जे आकडे देते त्यांच्यावर मी फार विसंबत नाही. झोपेचे टप्पे खरे कळतात ते डोक्याला तारा लावून केलेल्या तपासणीत, अंगठी हालचाल आणि ठोक्यांवरून अंदाज बांधते. पण किती वाजता झोपले, किती वेळा उठले आणि ठोके किती होते, एवढं ती बरं सांगते.

दुसरी गोष्ट, संध्याकाळची आंघोळ. २०१९ साली टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी जुने अभ्यास एकत्र करून दाखवलं की झोपण्याआधी एक-दोन तास ४० ते ४२.५ अंशांच्या पाण्याने अंघोळ केली तर झोप सरासरी दहा मिनिटं लवकर लागते. कातडीच्या रक्तवाहिन्या फुलतात आणि आतली उष्णता निघून जाते. उन्हाळ्यात त्यासाठी गीझर लावावा लागत नाही, गच्चीवरच्या टाकीचं पाणी रात्री आठलाही तेवढं तापलेलं असतं. आधी मी ते पाणी टाळायचे, थंड व्हायची वाट बघायचे. आता मुद्दाम त्याच पाण्याने अंघोळ करते.

तिसरा चहा. कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. दुपारी दोननंतर चहा बंद केला. हे लिहायला सोपं आहे, पण मराठवाड्यात कुणाच्या घरी गेलं आणि चहा नको म्हटलं की माणसं मनाला लावून घेतात. मी आता दूध किंवा लिंबूपाणी मागून घेते. या एका गोष्टीला जेवढा निश्चय लागला तेवढा कुठल्याही डब्याला लागला नाही.

कोलॅजनबद्दल बायका सगळ्यात जास्त विचारतात. मी रोज १० ग्रॅम घेतलं, महिन्याला साधारण दीड हजार रुपये खर्च. वास फार येत नाही, ताकात विरघळतं. पण कोलॅजन जनावराच्या किंवा माशाच्या कातडी-हाडांपासूनच निघतं, हे घेण्याआधी नीट समजून घ्या. आमच्या आई, म्हणजे सासूबाई, माळकरी. पावडरीचा वेगळा चमचा, वेगळा पेला आणि तो मी माझा मी धुवायचा, असं पहिल्या दिवशीच ठरलं. डब्यावर ‘शाकाहारी कोलॅजन’ लिहिलेलं असेल तर त्यात सहसा कोलॅजन नसतं, आवळा, क जीवनसत्त्व, बिया असं काहीबाही असतं. ते आवळ्याच्या भावात घ्यावं.

फायदा? नखं तुटायची थांबली, असं मला वाटतं. गुडघ्यांचं सांगता येत नाही, कारण त्याच काळात मी व्यायामही सुरू केला. चेहऱ्यावर काही दिसलं नाही, नणंदेलाही नाही आणि तिची नजर बारीक आहे. २०२५ साली यावरच्या २३ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला, त्यात कंपन्यांनी पैसा दिलेल्या अभ्यासांत त्वचा सुधारलेली दिसते आणि कंपन्यांच्या पैशाशिवाय झालेल्या अभ्यासांत दिसत नाही, असं निघालं. हे वाचल्यावर हातातला डबा संपवला आणि पुढचा घेतला नाही. प्रथिन म्हणून बघाल तर कोलॅजनमध्ये ट्रिप्टोफॅन हे अत्यावश्यक अमिनो आम्लच नसतं. त्याच पैशात महिनाभराची डाळ, दही आणि अंडी येतात.

कॉपर पेप्टाइडचं सीरम निळंशार असतं, तो तांब्याचा रंग. लॉरेन पिकार्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७३ साली माणसाच्या रक्तातून हे तीन अमिनो आम्लांचं पेप्टाइड वेगळं काढलं. लावल्यावर कातडी मऊ लागते, सुरकुती होती तिथेच आहे. बाटली संपली, पुन्हा आणली नाही. चेहऱ्यासाठी मी आता एकच करते, सकाळी सनस्क्रीन. ऑस्ट्रेलियात नऊशेहून जास्त माणसांवर साडेचार वर्षं प्रयोग झाला, २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या कातडीचं वय वाढणं २४ टक्के कमी निघालं. आपल्या उन्हात स्कूटरवरून फिरणाऱ्या बाईला यापेक्षा जास्त काय सांगायचं?

क्रिएटिन हे पेप्टाइड नव्हे, स्नायूंना झटपट ऊर्जा पुरवणारा पदार्थ आहे, पण या सगळ्यांत पैसे वसूल झाले ते त्याचे. रोज ३ ते ५ ग्रॅम, साधं मोनोहायड्रेट, बिनचवीचं. शरीर स्वतः दिवसाला सुमारे एक ग्रॅम बनवतं, बाकीचं मांस-माशांतून येतं, म्हणून शाकाहारी माणसाच्या स्नायूंत ते मुळातच कमी असतं. मी घरी डंबेल्स, खुर्चीवरून न टेकता उठबस आणि पाण्याने भरलेल्या दोन कळशा घेऊन गच्चीवर चालणं, एवढंच करते. हाताची पकड मोजायचं यंत्र विकत आणलं. सुरुवातीला २१ किलो होती, आता २५ आहे. पकडीचा आकडा मला चेहऱ्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. २०१५ साली भारतासह १७ देशांतल्या सुमारे एक लाख चाळीस हजार माणसांचा अभ्यास आला, त्यात पकड दर ५ किलोने कमी, तसा मृत्यूचा धोका १६ टक्के जास्त दिसला. पकड वाढवली म्हणजे आयुष्य वाढलं, असा त्याचा सरळ अर्थ नाही. पण म्हातारपणी कशाच्या जिवावर हिंडता-फिरता येतं, ते त्यातून दिसतं.

क्रिएटिन घेणाऱ्यांनी एक गोष्ट डॉक्टरांना सांगून ठेवावी. क्रिएटिनचंच शरीरात क्रिएटिनिन होतं, त्यामुळे रक्ताच्या रिपोर्टवर क्रिएटिनिन जरा वाढलेलं येऊ शकतं आणि घरात किडनीची भीती शिरते. माझाही रिपोर्ट किंचित वर आला. डॉक्टरांना आधीच सांगितलेलं होतं, त्यांनी सिस्टॅटिन-सी ही किडनीचीच दुसरी रक्ततपासणी करायला लावली, ती व्यवस्थित निघाली. ज्यांना किडनीचा आजार आधीपासून आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

आता इंजेक्शन. कृषी विद्यापीठाच्या आवारात सकाळी फिरायला जाते तेव्हा पोलीस भरतीची पोरं पळताना दिसतात. १६०० मीटरच्या वेळेवर त्यांचं सगळं अवलंबून असतं. कडक जमिनीवर, झिजलेल्या बुटांत रोज पळून नडग्या दुखायला लागतात. त्यातलाच एक दुकानात आला. ‘काकू, बारकी सुई द्या की, शुगरवाल्यांची.’ कुणाला लागते विचारलं तर म्हणाला, ‘मलाच. पेप्टाइड घ्यायलोय, नडगीसाठी. जिममधल्या भैयानं आणून दिलंय.’ मोबाइलमधला फोटो दाखवला: रबरी बुचाची छोटी कुपी, तळाशी पांढरी पावडर, बीपीसी-१५७ असं नाव आणि खाली ‘फक्त संशोधनासाठी’. बॅच नंबर नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही.

मी काउंटरवर दोन सिरिंज ठेवल्या, एक लाल टोपीची, एक नारिंगी. लाल ४० युनिटच्या इन्सुलिनची, नारिंगी १०० च्या. ‘यातली कुठली सांगितलीय भैयानं?’ त्याला माहीत नव्हतं. नारिंगी टोपीच्या सिरिंजमध्ये दहाच्या रेघेपर्यंत भरलं तर ०.१ मिलि येतं, लाल टोपीच्यात त्याच रेघेपर्यंत ०.२५ मिलि. म्हणजे अडीचपट औषध. परदेशी माणसं मोबाइलवर जे युनिट सांगतात ते नारिंगीच्या हिशोबाने असतं आणि आपल्याकडे लाल टोपीचीच सिरिंज सहज मिळते. मी सिरिंज दिली नाही.

बीपीसी-१५७ हे १५ अमिनो आम्लांचं. त्यावरचं बरंचसं काम क्रोएशियातल्या झाग्रेबच्या प्रयोगशाळेत उंदरांवर झालेलं आहे. उंदरांच्या तुटलेल्या स्नायुबंधांवर निकाल चांगले आले, माणसांवरचे अभ्यास अगदी मोजके आणि छोटे. अमेरिकेच्या एफडीएने त्याला औषध म्हणून मंजुरी दिलेली नाही. २०२२ पासून ते जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत आहे, म्हणजे कबड्डी किंवा धावण्यात पुढे जाऊ पाहणाऱ्या पोराची कारकीर्द त्याने संपू शकते. झोपेसाठी आणि तरुण दिसण्यासाठी म्हणून विकतात ती इपामोरेलिन, सीजेसी-१२९५ ही ग्रोथ हार्मोन वाढवणारी जोडगोळीही त्याच यादीत आहे. ग्रोथ हार्मोनने रक्तातली साखर वाढते, आणि आपल्याकडे घराघरात मधुमेह आहे. त्या हार्मोनची दिवसातली सगळ्यात मोठी लाट तशीही रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत येते.

विकणारे ‘९९ टक्के शुद्ध’ असा एचपीएलसीचा, म्हणजे शुद्धता मोजणाऱ्या चाचणीचा, कागद दाखवतात. तो कागद खरा धरला तरी कुपी निर्जंतुक आहे का, त्यात जंतूंचं विष आहे का, हे त्यातून कळत नाही. त्यात आपला उन्हाळा. इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहावं म्हणून मी दुकानात फ्रिजला वेगळा इन्व्हर्टर लावलाय, वीज गेली की आधी थर्मामीटर बघते. आणि ही कुपी वैशाखात कुरिअरच्या पत्र्याच्या गाडीतून आली, मग पाणी घालून घरच्या फ्रिजमध्ये दुधाशेजारी ठेवली गेली.

त्या पोराला मी सरकारी दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. नडगीच्या हाडाला बारीक चीर असू शकते आणि त्यावर पळत राहिलं तर भरतीच काय, नीट चालणंही अवघड होतं.

ज्यांच्या घरात अशी कुपी आधीच टोचली गेली आहे त्यांच्यासाठी: पुढचा डोस थांबवा. टोचल्या जागी लाली, गाठ, पू, किंवा ताप-थंडी आली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. साखर तपासून घ्या. सुई एकाची दुसऱ्याने वापरली असेल तर कावीळ ‘ब’, ‘क’ आणि एचआयव्हीची तपासणी करा, एचआयव्हीची सरकारी दवाखान्यात मोफत होते. आणि कुपी भीतीने फेकून देऊ नका, डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.